चौघी विरुद्ध पाच

विद्यापीठाच्या झोनल बास्केटबॉल स्पर्धेची मुलींची सेमीफायनल होती आणि माझ्या बेंचवर एकच पोरगी. कागदावर टीम बाराची, पण पाच जणी प्रॅक्टिकलला अडकलेल्या, आणि निफाडच्या एकीच्या घरी द्राक्षाचं डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवायचं काम, चालू म्हणून वडलांनी सोडलंच नाही, आणि त्यांना तरी काय बोलणार, वर्षाचं पीक आहे ते.

डिसेंबरातली नाशिकची सकाळ, उघडं सिमेंटचं कोर्ट, दवाने ओलं. दोन्ही टीमच्या पोरींनी मिळून गोणपाटाने पुसून काढलं तरी तिसऱ्या क्वार्टरला आमच्या एकीचा घोटा मुरगळलाच. मग पाच उरल्या. चौथ्या क्वार्टरला सहा मिनिटं बाकी असताना आमच्या सेंटरचा, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या पोरीचा, पाचवा फाउल झाला, पाच झाले की मॅचमधून बाहेर, ती रडत बाहेर आली आणि कोर्टवर राहिल्या चौघी. आम्ही पाच पॉइंटनी पुढे होतो.

पोरींना वाटलं संपलं, मॅच सोडावी लागणार. पण नियम असा आहे की सुरू करायला पाच लागतात, एकदा सुरू झाली की कोर्टवर दोन खेळाडू उरेपर्यंत खेळता येतं. मी टाइमआउट घेतला आणि आधी हेच सांगितलं. मग म्हटलं बॉक्स लावा, दोघी वर दोघी खाली, आणि कोपरे सोडून द्या. चौघींनी अख्खं कोर्ट झाकता येत नाही, त्यामुळे समोरच्याला कुठला शॉट द्यायचा ते आपणच ठरवायचं, आणि त्या टीमच्या पोरी रिंगखाली जबरदस्त होत्या पण कोपऱ्यातून थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचा शॉट, मारताना मी त्यांना सकाळपासून एकदाही पाहिलं नव्हतं. आणि हात अजिबात घालायचा नाही, कारण टीमचे त्या क्वार्टरचे चार फाउल भरले होते, पुढच्या प्रत्येक फाउलला दोन फ्री थ्रो.

पोरगी दमली की आधी पाय थांबतात आणि मग आपोआप हात पुढे जातो, फाउल होतो तो तिथे. म्हणून मी प्रॅक्टिसला पाठीमागे टी-शर्ट दोन्ही हातांनी धरून डिफेन्स स्लाइड करायला लावतो, पोरी जाम वैतागतात त्याला. त्या सहा मिनिटांत एकीनेही फाउल केला नाही. एकही नाही! आणि बॉल आपल्याकडे आला की आठ सेकंदांत हाफ पार करायचा आणि शॉट घ्यायला मिळणाऱ्या चोवीसपैकी वीस सेकंद निवांत फिरवायचा, शॉट क्लॉकचा बोर्ड नव्हताच, टेबलवरचा मुलगा स्टॉपवॉच बघून ओरडायचा, आमची फर्स्ट इयरची गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारी पोरगी, त्याच्या आवाजावर खेळत होती. एवढीशी पोरगी, पण प्रत्येक रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून बॉल परत आला की, स्वतःपेक्षा हातभर उंच मुलीला पाठीने बाहेर रेटत होती, यालाच बॉक्स आउट म्हणतात.

शेवटची वीस सेकंदं राहिली तेव्हा ४३-४२, आम्ही पुढे. बॉल त्यांचा. आतला रस्ता आमच्या पोरींनी पूर्ण बंद केला, बॉल फिरत फिरत उजव्या कोपऱ्यात गेला, तिथल्या मुलीने मारला आणि पडला. ४३-४५. आमचा शेवटचा शॉट रिंगला लागून बाहेर.

गार्ड माझ्याकडे आली, म्हणाली सर कोपरा मी धावून झाकला असता. मी म्हटलं तू धावली असतीस तर रिंगखाली मोकळी मुलगी उभी होती, तुम्ही अगदी बरोबर केलं. उद्या तीच मॅच असेल तर मी तोच कोपरा सोडेन, आणि हे मी समजूत काढायला म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारलं गेलं, सर कप आला का? आमचं मानधन सीझनवर ठरतं, दरवर्षी नव्याने, आणि त्या फॉर्मवर चौघींनी सहा मिनिटं बिनफाउल डिफेन्स केला हे लिहायला रकाना नसतो. अमेरिकेत जॉन वुडन १९४८ला यूसीएलए कॉलेजला कोच म्हणून गेले आणि त्यांचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं १९६४ला, मग ते धरून बारा सीझनमध्ये एकूण दहा झाली. सोळा सीझन थांबले त्यांच्यासाठी, आमच्याकडे दोन सीझन थांबले तरी पुष्कळ. मला हे मनापासून खटकतं, कारण बॉक्स आउट करायला आणि पाय हलते ठेवायला शिकवणं हे एका सीझनचं कामच नाही.

आता दर शनिवारी प्रॅक्टिसच्या शेवटी आम्ही चौघी विरुद्ध पाच खेळतो, दमलेल्या पायांनी, आणि कोणता कोपरा सोडायचा ते पोरीच ठरवतात.