डब्याचा फोटो मी पाठवणार नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, आणि एकदाच काय ते सविस्तर लिहितेय. "मॅडम, स्पोर्ट्स पिस्तूलला कुठली गोळी घेऊ?" महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतोच. मुली विचारतात, मुलींचे वडील विचारतात, एकदा एका आजोबांनीही विचारलं. बऱ्याच जणांना उत्तर नकोच असतं, गोळ्यांच्या डब्याचा फोटो हवा असतो. तो मी पाठवत नाही. मग "मॅडम सांगत नाहीत, स्वतःपाशीच ठेवतात" असं बोललं जातं. तेही माझ्यापर्यंत पोचलंय. कोल्हापुरात पोचायला वेळ लागत नाही.

लपवण्यासारखं काही नाही हो. आत्ता माझ्या कुलपातल्या कपाटात तीन प्रकारचे डबे आहेत: एसके कंपनीची पिस्टल मॅच, थोडी एली कंपनीची, आणि क्लबातून मिळते ती साधी. झालं समाधान? नाही झालं. कारण पुढचा प्रश्न ठरलेला, "त्यातली भारी कुठली?"

हे भारी-हलकं प्रकरण आपल्याकडे रायफलवाल्यांकडून आलंय. त्यांचं बरोबरच आहे. पन्नास मीटरवर त्यांचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलीमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. तिथे एका लॉटची, म्हणजे कारखान्यातून एका वेळी निघालेल्या खेपेची, गोळी आणि दुसऱ्या लॉटची गोळी यांत पदकाचा फरक पडू शकतो. म्हणून ती मंडळी कारखान्याच्या टेस्ट रेंजवर जातात, रायफल शिकंज्यात बांधून लॉटमागून लॉट वाजवतात आणि आपल्या बॅरलला मानवेल तोच उचलतात. २०२४ साली आमच्याच जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसळेनं पॅरिस ऑलिंपिकहून रायफलचं कांस्य आणलं, आणि तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात ज्यांनी पॉइंट टू टूचं काडतूस हातात धरलेलं नाही तेही लॉट नंबरावर बोलतात. पण पिस्तूलचं तसं नाही. आपलं अंतर पंचवीस मीटर. प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश नेम धरून मारायच्या टप्प्याच्या, टार्गेटवर दहा ५० मिलीमीटरचा, रॅपिडच्या, म्हणजे दिव्याच्या इशाऱ्यावर झटपट मारायच्या टप्प्याच्या, टार्गेटवर १००चा. बशीएवढा!

एका रविवारी आम्ही माझं पिस्तूल शिकंज्यात बांधलं आणि तीन प्रकारच्या दहा-दहा गोळ्या मारल्या. सगळ्यात महागड्या गोळीचा ग्रुप, म्हणजे दहा भोकांचा पुंजका, दहाच्या नाण्याखाली झाकला गेला. सगळ्यात स्वस्त गोळीचा नाण्याबाहेर थोडा सांडला. पण दहाच्या बाहेर एकही गेली नाही. म्हणजे माझा आठ जातो तो माझ्या बोटामुळे, हे त्या दिवशी कागदावर छापून मिळालं.

आणि त्यानंतरच्या महिन्यात मी महागडीच मागवली. हे सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी फार शहाणी आहे.

पिस्तूलला गोळी निवडायची ती अचूकपणासाठी नाही, चालण्यासाठी. प्रत्येक गोळी उडाली पाहिजे आणि प्रत्येक पुंगळी, म्हणजे मागे उरलेलं रिकामं काडतूस, बाहेर पडली पाहिजे. एवढंच, पण तेच अवघड. या काडतुसाला मोठ्या काडतुसासारखी मधोमध वेगळी कॅप नसते. पेटणारा मसाला बुडाच्या कडेत, आतल्या पोकळ वळीत, ओला असताना गरगर फिरवून पसरवलेला असतो. एखाद्या काडतुसात तो एका बाजूला पोचतच नाही. फायरिंग पिन नेमकी तिथे बसली की नुसती टक्. माझ्याकडे अशी एक न उडालेली गोळी होती. कडेवर पिनेची खूण, नखानं दाबल्यासारखी. तीच गोळी थोडी फिरवून पुन्हा भरली तर उडाली. बुडावर खुणा दोन, आवाज एक. नवीन मुलींना मी ती पुंगळी दाखवायची. कुणीतरी घरी नेली.

दुसरं म्हणजे जोर. आपल्या पिस्तुलाचा बोल्ट, म्हणजे मागेपुढे सरकून पुढची गोळी भरणारा भाग, मागे ढकलतो तो गोळीचाच धक्का. गोळी मऊ, म्हणजे कमी जोराची असली आणि स्प्रिंग कडक असली, तर बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुंगळी दारात अडकते. गोळी फार जोरकस असली तर पिस्तूल हातात उड्या मारतं आणि भागही झिजतात. तिसरं मेण. शिशावर मेणाचा हात असतो, प्रत्येक कंपनीचा वेगळा. ब्रँड बदलला की बॅरलला नव्या मेणाची सवय व्हायला काही गोळ्या जातात. एप्रिल-मेमध्ये ते मेण बोटाला चिकटतं, त्यावर धूळ बसते आणि ती धूळ चेंबरमध्ये जाते. हे सगळं तुमच्या पिस्तुलात कसं जमतं ते तुमचं पिस्तूल सांगेल. मी कशी सांगू?

आता ती मॅच. हे मी आतापर्यंत अर्धंच सांगत आले.

आठ वर्षं झाली. राज्य स्पर्धा होती. प्रिसिजन माझ्या मानानं छान गेलं होतं. नव्या डब्याची, महागडी गोळी. कंपनीचं नाव नको, दोष तिचा असेलच असं नाही. दोन आठवड्यांपूर्वी क्लबमार्फत आली होती आणि "जपून वापरू" म्हणून मी मॅचआधी जेमतेम पंधरा मारल्या होत्या. रॅपिडची पहिली सिरीज, म्हणजे पाच गोळ्यांचा संच, पाचही वेळेवर. दुसरी सिरीज. हात खाली पंचेचाळीस अंशात, सात सेकंद लाल दिवा, हिरवा, हात वर, एक. पुन्हा सात सेकंद. दोन. पुन्हा. तिसरी सुटली तेव्हाच मनगटाला काहीतरी वेगळं जाणवलं. धक्का नेहमीचा नव्हता, अर्धवट होता. पाहिलं तर बोल्टच्या तोंडात पुंगळी उभी, चिमणीसारखी.

नियम मला पाठ होता. पिस्तूल टार्गेटकडेच ठेवायचं, मोकळा हात वर करायचा, रेंज ऑफिसरला बोलवायचं. बोल्टला हात लावायचा नाही. अडकलेली पुंगळी हा मान्य बिघाड, उरलेल्या गोळ्या मारायला मिळतात. हे मीच पोरींना शिकवायचे.

माझा डावा हात पँटच्या खिशात होता. तो निघाला, पुंगळी दोन बोटांनी ओढून फेकली, बोल्ट पुढे बसला. मी काही ठरवलं नव्हतं. तेवढ्यात हिरवा दिवा लागून गेलासुद्धा. मग मी हात वर केला.

रेंज ऑफिसर आले. "बोल्टला हात लावलात?"

"हो सर."

त्यांनी माझ्याकडे एक क्षण पाहिलं. बहुधा मी 'नाही' म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. अमान्य बिघाड. दोन गोळ्या शून्य. हात वर न करता गप्प पाचवी मारली असती तर एकच शून्य पडला असता, तेवढंही सुचलं नाही. कटऑफला मला अकरा गुण कमी पडले. दोन गोळ्यांचे वीस होतात, हा हिशोब मी परतीच्या एसटीत पुण्यापासून साताऱ्यापर्यंत करत होते.

पुढे कित्येक वर्षं मी सांगत राहिले, "गोळीनं घात केला." ऐकणारे माना डोलवायचे. काहींनी त्या कंपनीची गोळी घेणंही बंद केलं, आणि मी त्यांना थांबवलं नाही.

खरी गोष्ट अशी, की तो डावा हात माझ्या स्वस्त गोळ्यांनी तयार केला होता. सरावाला मी मिळेल ती साधी वापरायचे, ती आठवड्याला चार-पाचदा अडकायची. क्लबच्या रेंजवर कोण ऑफिसर येणार? ओढा, फेका, पुढची मारा. हजारो वेळा नसेल, पण शेकडो वेळा नक्की. मॅचला गोळी बदलली, हात तोच राहिला.

आता माझंच एक जुनं वाक्य मला तोंडावर ऐकवलं जातं: "सरावाला साधी, मॅचला भारी." हो, मीच म्हणायचे. वर्गात, पालकांसमोर, ठासून. त्या बाईशी मला भांडायचंय. पण ती म्हणेल, तुझा पगार किती, महिन्याच्या गोळ्या किती, पाचशेच्या खोक्याला काय पडतं ते लिही आणि मग बोल. यावर माझ्याकडे उत्तर नाही. सराव आणि मॅच एकाच गोळीनं करा असं मी आज सांगते, आणि स्वतः महिन्यातले अर्धे दिवस क्लबच्या साध्या गोळीवर काढते. फरक एवढाच की ती अडकली की डावा हात खिशात ठेवून, मोठ्यानं "बिघाड" म्हणून थांबते. रेंजवरची पोरं हसतात.

"राहीताई कुठली वापरते?" हेही विचारून झालंय. राहीताई म्हणजे आमच्या कोल्हापूरची पिस्तूल नेमबाज राही सरनोबत. मला माहीत असतं तरी सांगितलं नसतं. २०१८ला पालेमबांगला एशियन गेम्सच्या फायनलमध्ये ३४-३४ बरोबरी झाली, मग बरोबरी फोडायला एक शूटऑफ, तोही बरोबरीत, मग दुसरा. ते बघून तुम्हाला डब्याचा रंग विचारावासा वाटतो, याचं मला नवल वाटतं. आणि खोटं का बोलू, मीही तेव्हा स्क्रीन थांबवून टेबलावर काय ठेवलंय ते बघायचा प्रयत्न केला होता.

आमचे एक जुने सर मात्र गोळीलाही दोष देत नाहीत आणि सवयीलाही. त्यांचं म्हणणं, "तिसऱ्या गोळीला तुझं मनगट सैल पडलं. मनगट सैल असलं की बोल्ट अर्ध्यातच परत येतो." असेल. स्प्रिंग बदलायला झाली होती, हेही असेल.

मॅचला फोडलेल्या त्या डब्यात पन्नास गोळ्या होत्या. प्रिसिजनला सायटरसकट, म्हणजे गुणांत न धरल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या गोळ्यांसकट, पस्तीस, रॅपिडचे सायटर पाच, पहिली सिरीज पाच, दुसरीतल्या तीन. दोन उरल्या, शून्य पडलेल्या त्याच. पुढच्या मंगळवारी त्याच पिस्तुलात, तीच स्प्रिंग ठेवून, मी त्या भरल्या आणि मारल्या. दोन्ही उडाल्या, दोन्ही पुंगळ्या व्यवस्थित उजवीकडे पडल्या. एक नऊ, एक दहा.