कर्ज यंत्राचं झालं, मिरचीचं राहिलं

तिखटाच्या युनिटसाठी मी पीएमएफएमईतून, म्हणजे केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून कर्ज काढलं. पात्र खर्चाच्या 35 टक्के अनुदान, कमाल मर्यादा 10 लाख. स्वतःचे किमान 10 टक्के. हे अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत वेगळं ठेवतात आणि तीन वर्षं खातं थकलं नाही तरच कर्जातून वळतं होतं. रोख मिळेल म्हणून प्रशिक्षणाला आलेल्या बचत गटाच्या बायांचा पहिल्याच दिवशी हिरमोड होतो. तेव्हाच झालेला बरा.

अर्ज जिल्हा संसाधन व्यक्ती भरून देते. तिचं मानधन योजनेतूनच निघतं, त्यामुळे एजंटची गरज नाही. गाडी अडते ती नावावर: आधार, पॅन आणि पासबुकावर एकच हवं, आणि लग्नानंतरचं आडनाव नेमकं तिथे घोळ घालतं. मायक्रोफायनान्सचे चुकलेले हप्तेही सिबिलला दिसतात. यंत्राच्या दरपत्रकात अश्वशक्ती, ताशी किलो, जीएसटी, वाहतूक आणि बसवणी सगळं धरून घ्या. बँक थेट विक्रेत्याला पैसे देते, सुटलेलं खिशातून जातं. 5 एचपीच्या मोटरला थ्री फेज लागते. जागा भाड्याची असेल तर घरमालकाची लेखी संमती आधीच घ्यावी.

माझी चूक प्रकल्प अहवालात झाली. यंत्रं बरोबर, पण खेळतं भांडवल एकाच महिन्याचं. पोळ्यांच्या उद्योगाला ते पुरेल, मिरचीला नाही. मिरची हंगामातच भरून ठेवावी लागते, मग ती भिवापुरी असो की नागपूरच्या कळमना बाजारात येणारी दुसरी कुठली. हिशोब असा: रोज 10 किलो तिखट, महिन्याचे 25 दिवस, दहा महिने, म्हणजे 25 क्विंटल. देठ, माती, सुकवणूक आणि चक्कीतली घट मिळून 15 टक्के धरली, तर कच्ची मिरची 30 क्विंटलच्या आसपास. किलोला 150 रुपये धरले तरी साडेचार लाख एकदम. अहवालात होते 45 हजार.

थोडीथोडी घेत गेलं तर पावसाळ्यातली ओलसर मिरची पदरात पडते. ओल असली की जाळी बुजते, मोटर तापते, रंग उतरतो. नियमाने तिखटात ओलावा 11 टक्क्यांच्या आत हवा. दळण गरम असताना पाकिटात भरलं तरी आत दव धरून गुठळ्या होतात. पसरून पूर्ण निवू द्यावं.

मी कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीचं बँकेचं कर्ज, वेगळं मागितलं. मंजूर झालं तेव्हा जून लागला होता आणि शीतगृहातल्या मिरचीच्या भावात भाडंही चढलं होतं.