एलियनची सही

रविवार, रात्री उशिरा

आज परत 'डिस्ट्रिक्ट ९' हा सिनेमा लावला. भाचा सोबत होता, त्याला मारामारी आणि त्या अंगात चढवायच्या रोबोटचं कौतुक, आणि मी मात्र पहिल्या अर्ध्या तासातच अडकून बसले, कारण खरा भयंकर भाग मला तिथेच वाटतो.

जोहान्सबर्गवर १९८२ मध्ये स्पेसशिप येऊन थांबतं, आतले एलियन उपाशी, आजारी, मग त्यांना खाली आणून छावणीत ठेवतात आणि बघता बघता तिची झोपडपट्टी होते, तीच डिस्ट्रिक्ट ९. अठ्ठावीसेक वर्षांनी शहरातल्या लोकांना ते नकोसे झालेत, म्हणून सगळ्यांना लांब तंबूत हलवायचं काम एका खाजगी कंपनीकडे. आणि त्या कामाचा प्रमुख कोण, तर विकस. कंपनीतल्या साहेबाचा जावई म्हणून बढती मिळालेला, स्वेटर-बनियन घातलेला हसतमुख क्लार्क. हातात क्लिपबोर्ड. दार वाजवायचं, नोटीस दाखवायची, सही घ्यायची. एक एलियन वैतागून त्या क्लिपबोर्डला फटका मारतो तर हा म्हणतो चालेल, झाली सही! अंडी जाळतात तेव्हा पॉपकॉर्नसारखा आवाज येतो असं कॅमेऱ्यासमोर हसत सांगतो. एक जण कागद नीट वाचून नाही म्हणतो तर लगेच तुझं पोरगं काढून घेऊ. म्हणजे सगळं कसं कायदेशीर.

हे हवेतून आलेलं नाहीये. केपटाऊनमधली डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती १९६६ मध्ये सरकारने फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केली आणि पुढच्या बऱ्याच वर्षांत ६० हजारांवर माणसं उचलून केप फ्लॅट्सच्या माळावर नेऊन टाकली, घरांवर बुलडोझर. तिथेही कायदा होता, कुठल्या वंशाने कुठे राहायचं ते ठरवणारा ग्रुप एरियाज अॅक्ट, १९५० चा. दिग्दर्शक नील ब्लोमकॅम्प स्वतः जोहान्सबर्गचा, त्यामुळे वर्णभेद त्याला फक्त पुस्तकातून माहीत नव्हता, आणि सिनेमातल्या बऱ्याच झोपड्या सेट नाहीत, जोहान्सबर्गच्या सोवेटोतल्या चियावेलो भागातल्या खऱ्या आहेत.

पण मला सगळ्यात जास्त हादरवतं ते वेगळंच. याच कल्पनेवर त्याने आधी एक शॉर्ट फिल्म केली होती, तेव्हा रस्त्यावरच्या खऱ्याखुऱ्या लोकांना त्याने झिम्बाब्वे, नायजेरियातून आलेल्यांबद्दल विचारलं आणि ती उत्तरं जशीच्या तशी एलियनबद्दलची म्हणून वापरली. आणि बोलणारे स्वतः काळे, म्हणजे वर्णभेद ज्यांनी सोसला तेच आता 'यांना हाकला' म्हणतायत. मे २००८ मध्ये तर जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत अशा बाहेरून आलेल्यांविरुद्ध दंगल सुरू झाली, देशभर पसरली, ६० च्या वर माणसं मेली, सिनेमा आला २००९ मध्ये.

आणि एवढं सगळं कळत असूनही याच सिनेमातले नायजेरियन कसे? गुंड, शस्त्रं विकणारे, जादूटोण्यासाठी एलियनचं मांस खाणारे, आणि त्यांच्या म्होरक्याचं नाव थेट नायजेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष ओबासांजो यांची आठवण करून देणारं. नायजेरियाच्या तेव्हाच्या माहितीमंत्री डोरा अकुन्यिली यांनी सिनेमा थिएटरांतून काढायला लावला. बंदी मला पटत नाही, राग मात्र शंभर टक्के पटतो. भाचा म्हणे अगं मावशी, व्हिलन तर कोणीतरी लागणारच ना. अरे पण व्हिलन म्हणून ती कंपनी आहे की, चांगली धडधाकट!

तरी आवडता सिनेमा आहे, राहीलही. पण ज्या एलियनला 'प्रॉन', म्हणजे कोळंबी, म्हणून हिणवतात त्याला दिग्दर्शकाने पोरगं दिलं, डोकं दिलं, घरी परतायची ओढ दिली, आणि शेजारच्याच गल्लीतल्या नायजेरियन माणसाला एक साधा जेवतानाचा, पोराशी बोलतानाचा सीनसुद्धा दिला नाही.