कोहिमा: टेनिस कोर्टावरची लढाई आणि खोनोमाचे दगड

ईशान्येला जाणारी मराठी मंडळी बहुतेक शिलाँग, चेरापुंजी, काझीरंगा करून परततात. नागालँड यादीत आलंच तर डिसेंबरातल्या हॉर्नबिल महोत्सवापुरतं. मी कोहिमाला गेलो तो 1944 च्या लढाईची आठवण तिथे आज कोण आणि कशी जपतंय, हे बघायला. तिथे गेल्यावर ध्यानात आलं की या गावाच्या डोक्यात युद्धं दोन आहेत. एका युद्धाला कापलेली हिरवळ, पितळी पाट्या आणि परदेशी पाहुणे आहेत. दुसऱ्याची आठवण काढायला गाडी करून डोंगरातल्या एका गावात जावं लागतं, आणि तिथे जे वाचायला मिळतं ते भारतीय पाहुण्याला सहज पचत नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो, नाहीतर युद्ध दफनभूमीच्या टेकडीवर नुसती छान बाग दिसते. मार्च 1944 मध्ये जनरल मुतागुची यांच्या जपानी 15 व्या सैन्याने ब्रह्मदेशातून इम्फाळ-कोहिमावर चढाई केली. कोहिमाकडे आली ती सातो यांची 31 वी डिव्हिजन. तिची एक तुकडी वाटेत मणिपूरमधल्या सांगशाकला अडकली. तिथे भारतीय सैन्याच्या 50 व्या पॅराशूट ब्रिगेडने तिला 22 ते 26 मार्चपर्यंत रोखून धरलं, आणि या ब्रिगेडच्या जोडीला मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. कोहिमाला तयारीसाठी जे मोलाचे दिवस मिळाले, त्यांत मराठ्यांचा हा वाटा आहे. आपल्याकडे तो शाळेत कुणी शिकवत नाही. 4 एप्रिलला कोहिमाची लढाई सुरू झाली. वेढ्यात अडकलेल्यांमध्ये रॉयल वेस्ट केंट बटालियन होती, आसाम रेजिमेंट आणि आसाम रायफल्स होत्या, इस्पितळातून उठून आलेले जखमीही होते. डेप्युटी कमिशनर चार्ल्स पॉझी यांच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टाच्या एका कडेला हे आणि दुसऱ्या कडेला जपानी, अशी स्थिती होती. हातबॉम्ब हाताने फेकला की समोरच्या खंदकात पडावा, इतकंच अंतर. वेढा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात फुटला, पण टेकड्या एकेक करून परत घेण्यात पुढचे कित्येक आठवडे गेले. 22 जूनला इम्फाळचा रस्ता मोकळा झाला. सातो यांच्याकडे निघताना तीन आठवड्यांची रसद होती. मागून येणार होती ती आलीच नाही. शेवटी त्यांनी वरिष्ठांचा हुकूम झुगारून माघार घेतली आणि त्यापायी पद गमावलं.

युद्ध दफनभूमी गावाच्या ऐन मध्यात, गॅरिसन हिलच्या उतारावर आहे. तिकीट नाही. सकाळी लवकर जा. दहानंतर खालच्या चौकातल्या गाड्यांचे भोंगे वरपर्यंत ऐकू येतात, आणि मग सेल्फीवाले गट येऊ लागतात. पायऱ्या पुष्कळ आहेत आणि चढ अंगावर येणारा आहे, तेव्हा गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी घाई करू नये. लोक खालूनच फोटो काढून वळतात. तसं करू नका, वरच्या टप्प्यापर्यंत चढा. टेनिस कोर्टाच्या रेषा तिथे पांढऱ्या सिमेंटने आखून ठेवल्या आहेत. कडेला चेरीचं एक झाड आहे. जपानी नेमबाज ज्या झाडाचा आडोसा घेत होते त्याच्या बुंध्यातून फुटलेल्या धुमाऱ्याचं हे झाड, असं पाटी सांगते.

इथे राष्ट्रकुलाच्या 1,420 सैनिकांच्या कबरी आहेत. आता दोन कबरींपाशी जरा वाकून वाचा. ब्रिटिश शिपायाच्या पाटीवर नाव, पलटण, वय आणि खाली पुष्कळदा घरच्यांनी निवडलेली एक ओळ: आईची, बायकोची, कधी नुसतं लाडकं नाव. भारतीय मुसलमान शिपायांच्या मी पाहिलेल्या पाट्यांवर नाव, क्रमांक, पलटण, आणि तिथेच मजकूर संपलेला. हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन झालं, त्यामुळे त्यांना कबर नाही. त्या 917 जणांची नावं वरच्या अंगाला एका स्मारकावर ओळीने आहेत. घरच्यांची ओळ तिथे येण्याचा प्रश्नच नाही. हा भेद मुद्दाम केला असं मी म्हणत नाही. दहनाची रीतच वेगळी. तरी सातारा-रत्नागिरीतल्या गावांत पहिल्या महायुद्धाच्या ज्या संगमरवरी पाट्या दिसतात, ‘या गावातून इतके गेले, इतके कामी आले’, त्यांवर नुसते आकडे असतात, नावं नसतात, हे इथे आठवल्याशिवाय राहिलं नाही. या दफनभूमी राखणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने 2021 मध्ये स्वतःच्याच अहवालात मान्य केलं की पहिल्या महायुद्धातल्या आफ्रिकी आणि आशियाई मृतांना गोऱ्यांच्या बरोबरीची स्मारकं मिळाली नाहीत. हा वाद इंग्लंडात जितका गाजला तितका आपल्याकडे गाजला नाही, याचं मला नवल वाटतं.

घरातलं कुणी त्या लढाईत गेलं असेल तर निघण्याआधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधा, फुकट आहे. मराठी आडनावं कारकुनाने कानावर पडली तशी इंग्रजीत लिहिलेली असतात, म्हणून चार-पाच स्पेलिंगं करून बघा. पलटण माहीत असेल तर काम सोपं होतं. कोहिमात नाव नसलं तरी निराश होऊ नका. ज्यांचे देह सापडले नाहीत अशा सुमारे 27,000 जणांची नावं म्यानमारमधल्या रंगून स्मारकावर आहेत.

खालच्या अंगाला दुसऱ्या ब्रिटिश डिव्हिजनचं स्मारक आहे. ‘तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला’ या अर्थाची ती प्रसिद्ध ओळ यावरच कोरलेली आहे. सगळे ओळीचा फोटो काढतात. तुम्ही दगडाकडे बघा. हा एवढा मोठा उभा दगड नागा लोकांनी आपल्या जुन्या पद्धतीने, दोरखंडांनी ओढत आणलेला आहे. अंगामी नागांमध्ये माणसाची किंवा मोठ्या प्रसंगाची आठवण म्हणून दगड ओढून आणून उभा करण्याची प्रथा पूर्वीपासून आहे. म्हणजे दगड नागांचा, रीत नागांची, मजकूर मात्र ज्यांची गावं या लढाईत जळली त्यांच्याबद्दल नाही. नागा हमाल, वाटाडे आणि हेर नसते तर ही लढाई वेगळी झाली असती, हे ब्रिटिश सेनानी स्लिम यांनीही मान्य केलं होतं. 2013 मध्ये लंडनच्या राष्ट्रीय सैन्य संग्रहालयात ‘ब्रिटनची सर्वांत मोठी लढाई’ कोणती यावर मतदान झालं तेव्हा वॉटर्लूला मागे टाकून इम्फाळ-कोहिमा जिंकली. ब्रिटनची म्हणून.

आणि आझाद हिंद सेना? जपान्यांच्या बाजूने आलेल्या त्या सैनिकांचं नाव या टेकडीवर शोधू नका. एकाच मुलखातली माणसं दोन्ही बाजूंनी होती, आणि स्वातंत्र्यानंतर आझाद हिंदवाल्यांना भारतीय सैन्यात परत घेतलं गेलं नाही. त्यांचं स्मारक आणि संग्रहालय मणिपूरमध्ये मोइरांगला आहे. फेक जिल्ह्यातल्या रुझाझो गावचे लोक सांगतात की नेताजी स्वतः तिथे राहून गेले. यावर वाद आहे. माझं मत विचाराल तर टेकडीवरचा आणि मोइरांगचा, दोघांनाही ‘आपले’ म्हणता येत नसेल तर आपण इतिहास अर्धाच वाचलाय.

गावातल्या एका वस्तीत घरांच्या मध्ये कुंपणात एक ‘ली’ जातीचा रणगाडा उभा आहे, लढाईत उतारावरून घसरून अडकलेला. टॅक्सीवाले नेतात. हॉर्नबिल महोत्सव भरतो त्या, कोहिमाजवळच्या किसामाच्या हेरिटेज व्हिलेजमधलं दुसऱ्या महायुद्धाचं संग्रहालय बरं आहे, तासाभरात होतं. महोत्सवाच्या दिवसांत तिथे फिरकू नये, गर्दीत काही दिसत नाही.

खोनोमा मात्र टाळू नका. कोहिमाहून वीसेक किलोमीटर. बरेच जण ‘ग्रीन व्हिलेज’ म्हणून जातात, आणि शिकार बंद करून 1998 मध्ये जंगल राखलेलं हे गाव त्या नावाला जागतं. पण खोनोमाने 1879-80 मध्ये इंग्रजांना महिनोन्‌महिने झुंजवलं होतं. राजकीय अधिकारी डॅमंट इथेच मारला गेला. पुढे नागा राष्ट्रवादाचे नेते फिझो याच गावचे. गावातल्या स्मारकावर नागा चळवळीत मेलेल्या गावकऱ्यांची नावं आहेत, आणि नागा हे भारतीय नाहीत, त्यांची भूमी भारतीय संघराज्याचा भाग नाही, हे सत्य आम्ही राखू, अशा अर्थाचा मजकूर. भर दुपारी, शेतांच्या पायऱ्यांकडे तोंड करून. आपल्याबरोबरचं कुणी ते वाचून चिडलं तर आवाज चढवू नये. ते ज्यांच्या दारात उभे आहेत त्यांच्या घरातली नावं आहेत ती.

आमच्या वाटाड्याने एका नावावर बोट ठेवून आजोबांचा भाऊ म्हणून सांगितलं, आणि चार पावलांवर, त्याच सुरात, चुलतभाऊ आसाम रायफल्समध्ये आहे हेही. मी पुढे काही विचारलं नाही. कारगिलमध्ये मरणोत्तर महावीरचक्र मिळालेले कॅप्टन केंगुरुसे कोहिमा जिल्ह्यातल्या नेरहेमाचे, हेही याच डोंगरांतलं. केंद्र सरकार आणि नागा बंडखोर यांच्यात 1997 पासून युद्धबंदी आहे, 2015 मध्ये आराखडा करारावर सह्या झाल्या, अंतिम तोडगा अजून नाही. 4 डिसेंबर 2021 ला मोन जिल्ह्यात ओटिंगजवळ लष्कराच्या कारवाईत कोळसा खाणीवरून परतणारे मजूर मारले गेले. तो प्रसंग आणि त्यानंतरचा हिंसाचार मिळून 14 नागरिकांचा जीव गेला, आणि लष्कराला विशेष अधिकार देणाऱ्या 1958 च्या कायद्यावरचा वाद पुन्हा पेटला. हॉर्नबिल महोत्सव त्या वर्षी मध्येच बंद करावा लागला. तेव्हा ‘युद्धाच्या आठवणी’ हा शब्द कोहिमात उच्चारताना कुठल्या युद्धाच्या, हा प्रश्न समोरच्याच्या मनात असतो हे धरून बोला.

जाणाऱ्यांसाठी व्यवहाराचं. इनर लाइन परमिट आधीच ऑनलाइन काढा आणि छापील प्रत जवळ ठेवा. विमान आणि रेल्वे दिमापूरपर्यंतच. तिथून कोहिमा सत्तरेक किलोमीटर, शेअर सुमो मिळते. पावसाळ्यात दरडी कोसळतात, जुलै 2023 मध्ये चुमुकेदिमाजवळ गाड्यांवर दगड येऊन माणसं गेली होती. म्हणून ऑक्टोबर ते एप्रिल बरा, आणि परतीच्या विमानाआधी एक रात्र दिमापूरला ठेवा. हिवाळ्यात साडेचारलाच अंधारतं, त्यामुळे दिवस पहाटे सुरू करा. रविवारी सगळं गाव चर्चमध्ये, दुकानं बंद. त्या दिवशी खोनोमाचा बेत आखू नका. खोनोमात प्रवेशासाठी आणि वाटाड्यासाठी पैसे द्यावे लागतात, रोख न्या, आणि वाटाडा घ्याच, कारण दगड वाचता येतात पण त्यांच्यामागची घरं तोच दाखवतो. राज्यात दारूबंदी आहे. गावात कुणाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही.

क्रम असा ठेवा: आधी दफनभूमी, दुसऱ्या दिवशी खोनोमा, आणि शक्य असेल तर निघण्याआधी पुन्हा दफनभूमी. दुसऱ्या खेपेला तो मोठा दगड निराळा दिसतो.

बऱ्याच जणांना पुढे इम्फाळ, मोइरांग आणि सांगशाक जोडायचं असतं. कागदावर ते सोपं आहे, कोहिमा-इम्फाळ दीडशे किलोमीटरच्या आत. पण मणिपूरमध्ये मे 2023 मध्ये जो वांशिक हिंसाचार उसळला तो पाहता आधीच्या कुणाच्या वृत्तांतावर, माझ्याही, विसंबू नका. त्या आठवड्याच्या बातम्या वाचा, कोहिमातल्या चालकांना रस्त्याचं विचारा, आणि ते ‘नको’ म्हणाले तर मोइरांग पुढच्या वेळेसाठी ठेवा.