नकाशा पिशवीत

व्हिएन्नात राजवाडा सोडून मी अख्खी दुपार एका साध्या बागेत काढली, हे बरोबरच्या मंडळींना काही केल्या पटेना. मार्गारेटन भागातला आइन्सीडलर पार्क. झाडं, बाक, खेळायची जागा. फोटो काढावा असं काही नाही. मी मात्र खास त्याच्यासाठीच गेले होते.

1990च्या दशकात तिथल्या पालिकेला दिसलं, की नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलं-मुली दोघंही बागेत येतात आणि मग मुली दिसेनाशा होतात. ‘त्यांना खेळायची आवड नसते’ म्हणून मोकळं होता आलं असतं. (आपण होतोच.) पण सगळ्यांत मिळून एकच मोठी जागा असली की ती भांडून मिळवावी लागते, आणि पोरी भांडत बसत नाहीत, घरी जातात. मग 1999मध्ये या भागातल्या दोन बागा नव्यानं आखायला घेतल्या. पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, मोकळ्या जागेचे झाडाझुडपांनी छोटे छोटे कोपरे केले. पहारेकरी वाढवण्यापेक्षा हे मला कितीतरी शहाणपणाचं वाटलं. पोरी परत आल्या.

या सगळ्याची सुरुवात 1991च्या एका छायाचित्र प्रदर्शनातून झाली. एव्हा काइल आणि युटा क्लेडॉर्फर या दोघींनी आठ जणींचा शहरातला रोजचा दिवस मांडला होता. प्रदर्शनाच्या नावातच प्रश्न होता: सार्वजनिक जागा कुणाची?

हे सगळं वाचून गेलेली मी आत शिरले आणि सवयीनं आधी बाहेर पडायची वाट हेरली. वाटेलगतचाच बाक निवडला. दहा मिनिटांत नकाशा काढून मांडीवर पसरला. कुठे जायचं नव्हतं मला! पण नकाशा उघडा असला की आपण कामाला निघालेली बाई ठरतो. नुसत्या बसलेल्या बाईकडे लोक कसे बघतात, ते काय सांगायचं? व्हिएन्नात कुणी बघतही नव्हतं, हातच ऐकेना.

थोड्या वेळानं एक माणूस बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला. मी पिशवी जवळ ओढली. डावीकडे वाट होती, समोरही होती. त्यानं वर्तमानपत्र उघडलं. मी नकाशाची घडी घातली आणि पिशवीत टाकला. तो उठून गेला, त्यानंतरही बराच वेळ मी तिथंच होते.