नावात काना असेल तर

पुण्यातल्या एका पतसंस्थेनं ठेवीदारांसाठी मराठीत ऑनलाइन अर्ज तयार करून घेतला होता. लोक अर्ज उघडतात आणि पहिल्याच पानावरून निघून जातात, ही त्यांची तक्रार. व्यवस्थापकांचं निदान तयारच होतं. "सभासद वयस्कर आहेत हो, त्यांना मोबाईल जमत नाही. कसं भरायचं त्याचा एक छान व्हिडिओ करून द्या." व्हिडिओचं नंतर बघू, आधी लोक अर्ज भरताना मला शेजारी बसू द्या, असं मी म्हटलं.

सदाशिव पेठेतल्या शाखेच्या वरच्या मजल्यावर टेबल मांडलं. येणाऱ्यानं स्वतःच्याच फोनवर अर्ज भरायचा आणि मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहायचं. आपण मदत करायची नाही, हात मागे बांधून बसायचं. वस्तू वापरताना लोक कुठे अडतात हे बघायचं, हे आमचं काम; त्यातला सगळ्यात अवघड भाग हाच.

पहिल्या आल्या त्या काकू निवृत्त शिक्षिका. फोनवर मराठी कीबोर्ड, आणि टायपिंग माझ्यापेक्षा जलद. मोबाईल न जमणारं माणूस हे नव्हे, एवढं तिथंच कळलं. त्यांनी नाव लिहिलं. खाली लाल ओळ उमटली : 'कृपया वैध नाव टाका.'

"वैध म्हणजे? माहेरचं टाकू का?"

मी नुसतीच हसले. त्यांनी माहेरचं टाकलं, तेही चालेना. यजमानांचं नाव काढून पाहिलं, आडनाव आधी घालून पाहिलं. शेवटी फोन टेबलावर ठेवून म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकत असेल गं." मुलांचं शुद्धलेखन तपासण्यात जन्म गेलेली बाई स्वतःच्या नावाबद्दल असं म्हणते, तेव्हा त्या लाल ओळीचा मला मनापासून राग येतो.

त्यांच्यानंतर एक काका आले. त्यांचं नाव पहिल्या फटक्यात पुढे गेलं. "यात काय अवघड आहे?" असं म्हणून त्यांनी खोलीभर नजर फिरवली. पुढच्या मावशी पुन्हा नावाशीच अडल्या.

चहाच्या वेळी मी वहीतली नावं एकाखाली एक वाचत होते. काकांच्या नावात काना नव्हता, मात्रा नव्हती, जोडाक्षर नव्हतं, आणि आडनावातही नव्हतं. माझ्या फोनवर 'कमल कदम' लिहिलं, गेलं. 'कमल काळे' अडलं. 'रमण' गेलं, 'सुमन' अडलं.

अर्ज बनवणाऱ्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, माझ्याकडे तर चालतंय."

"टेस्टला नाव काय टाकतोस?"

"अबक."

मुलगा हुशार होता आणि हेतूही चांगला होता. आधी नावाची चौकट फक्त इंग्रजी ए ते झेड घ्यायची. ती बदलून त्यानं जगातल्या कुठल्याही लिपीचं अक्षर चालेल असा नियम घातला होता. पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक सगळ्या लिप्यांसाठी वापरतो त्या यादीत, 'अक्षर' हा एक गट आणि 'चिन्ह' हा वेगळा गट आहे. आपले स्वर आणि व्यंजनं पहिल्या गटात येतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि जोडाक्षर बांधणारा हलन्त, हे सगळे दुसऱ्यात. म्हणजे 'शरद' वैध आणि 'मालती' अवैध! दुसरा गट नियमात जोडला की काम झालं, बदल एका ओळीचा. माझं म्हणणं मात्र असं की नाव तपासायचंच कशाला? चौकट रिकामी नाही ना, एवढं बघावं आणि पुढे जाऊ द्यावं.

तसं बघितलं तर या अर्जाची चाचणी आधी झाली होती. वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलं की पाच जणांना वापरायला दिलं तरी सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात, आणि अर्ज बनवणाऱ्या कंपनीनं मोजून पाच जण बसवले होते. पाचही जण बाणेरच्या त्यांच्याच ऑफिसातले. मित्राला मराठीत मेसेज करतानाही इंग्रजी अक्षरं वापरणारी मुलं ती. नील्सन यांचा हिशोब ज्यांना ती वस्तू वापरायची आहे त्यांच्याबद्दल आहे, शेजारच्या खुर्चीवर सापडलेल्यांबद्दल नाही.

नावाची दुरुस्ती त्याच संध्याकाळी झाली. काकू तोवर थांबल्या होत्या. नाव गेलं, आणि मोबाईल नंबरला परत लाल ओळ. त्यांच्या कीबोर्डवर अंक मराठी, ९ आणि ८ असे, आणि जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रॅमिंग भाषेतली अंकांची नेहमीची खूण ० ते ९ चे फक्त इंग्रजी आकार ओळखते. या वेळी मात्र त्या स्वतःला काही बोलल्या नाहीत. फोन माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "हे बघ, आता हे अंकसुद्धा अवैध म्हणतंय तुझं यंत्र." मराठी अंक आले तर आतल्या आत बदलून घ्यायचे, हे मी यादीत लिहिलं.

त्याखाली पत्ता आहे. पत्त्याच्या चौकटीला तिरकी रेघ चालत नाही, आणि पेठेतल्या घरनंबरांत ती हमखास असते. व्यवस्थापकांकडून शाखेतल्या जुन्या अर्जांवरचे घरनंबर नावं झाकून मागवलेत. त्यांनी कबूल केलंय, पण व्हिडिओचं काय झालं, हेही परत विचारलंय.