पिंपळाला पालवी आणि ऑफिसात मार्च एन्ड

ईझल (चित्राचा कागद टेकवायचा स्टँड) म्हणजे कॅमेऱ्याचा ट्रायपॉड नव्हे. हे वाक्य मी एका कार्यालयाच्या व्हरांड्यात इतक्यांदा बोललेय की आता झोपेतही बरळत असेन. कार्यालय कुठलं आणि तळं कुठलं, ते सांगत नाही. सोलापूरकरांनी अंदाज बांधावा, बहुतेक चुकेल.

ठरवलं होतं साधंच. आपल्या भागातली झाडं आणि रानं वर्षभर, ऋतू बदलेल तशी, जागेवर बसून जलरंगात करायची. फोटो काढून घरी पंख्याखाली रंगवायचं नाही. पावसाळा आणि थंडी कशी गेली कळलंही नाही. आपल्याकडे पाऊस मुळात बेताचा, त्यातला बराचसा परतीचा, त्यामुळे आषाढातही कागद कोरडा ठेवून काम होतं. मग मंगळवेढ्याच्या बाजूला काळ्या रानात ज्वारीच्या पेरण्या, संक्रांतीच्या आगेमागे हुरडा, पुढे काढणी, कडब्याच्या गंजी. रानात बसायला कुणी कधी नाही म्हटलं नाही. "आमची म्हैस पण घ्या की ताई चित्रात," एवढीच काय ती अट.

अडलं ते तळ्याकाठच्या पिंपळापाशी.

पिंपळाची नवी पालवी ज्यांनी नीट पाहिली नसेल त्यांनी या मार्चमध्ये पाहाच. जुनी पानं गळून जातात आणि फांद्यांच्या टोकाला तांबूस, गुलाबी, ओलसर चकाकणारी कोवळी पानं लोंबायला लागतात. सूर्य समोर ठेवून बसलं तर ऊन पानांच्या आरपार येतं आणि आतल्या शिरा दिसतात. हा रंग फार टिकत नाही. आधी पोपटी होतो, मग साधा हिरवा, आणि मग पिंपळ चारचौघांसारखा दिसायला लागतो. मला तो तांबूस हवा होता.

सकाळी लवकर जाऊन ईझल उभा केला, कागद ताणला, पाणी ओतलं. तेवढ्यात सिक्युरिटीवाले काका आले.

"मॅडम, स्टँड लावायचं नाही."

"अहो काका, चित्र काढतेय."

"चित्र काढा की, कोण नको म्हणतंय? स्टँडला परवानगी लागते. शूटिंगला पैशे पडतात."

मागे चार पोरं मोबाइलवर रील करत होती, गाणं मोठ्यानं लावून. त्यांना का नाही, असं विचारल्यावर काका शांतपणे म्हणाले, "त्यांनी हातात धरलंय."

म्हणून कार्यालयात गेले. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज दिला तो चित्रीकरणाचा. निर्मात्याचं नाव. कॅमेऱ्याचा प्रकार. युनिटमधल्या माणसांची संख्या. जनरेटर व्हॅन आहे किंवा नाही. ड्रोन वापरणार का. मी सगळीकडे 'लागू नाही' लिहिलं. बाई म्हणाल्या, रकाने असे सोडता येत नाहीत, साहेब सही करणार नाहीत. मग निर्मात्याच्या जागी माझं नाव, युनिटमध्ये एक, आणि कॅमेऱ्याच्या प्रकारात 'ब्रश, 12 नंबर'. त्यावर कुणी हसलंसुद्धा नाही. आवक क्रमांक पडला, तारखेचा शिक्का बसला, मला वाटलं झालं.

झालं कसलं! साहेब मीटिंगला. साहेब पुण्याला. साहेब आहेत, पण आत ऑडिटवाले बसलेत. आणि या सगळ्यावर एकच उत्तर: "मॅडम, मार्च एन्ड चालूय." बिलं निघायची होती, निधी संपवायचा होता, प्रत्येक टेबलावर फायलींचे ढीग. त्यांचंही खरं होतं, पण पिंपळाला आर्थिक वर्ष नसतं. रोज सकाळी तळ्यावरून चक्कर मारून मी झाड बघायचे, आणि तिथून तशीच कार्यालयात जायचे. पानं रोज थोडी मोठी आणि थोडी हिरवी होत होती, फाइल जिथल्या तिथे. एकदा तर मला सांगण्यात आलं की अर्जासोबत 'पटकथेचा सारांश' जोडलेला नाही. पिंपळाची पटकथा! लिहून दिली मी. 'झाडाला पाने येतात' एवढी एकच ओळ. स्वीकारली गेली.

त्या दिवसांत मोने या फ्रेंच चित्रकाराची गोष्ट सारखी आठवायची. क्लोद मोने 1889 साली फ्रान्समध्ये क्रूझ नदीच्या खोऱ्यात, फ्रेस्लीन गावाजवळ चित्रं करत होता. त्यात निष्पर्ण ओकचं एक म्हातारं झाड होतं. पावसानं काम लांबलं, मे उजाडला आणि ओकला पालवी फुटली. चित्र अर्धवट, आणि त्यात तर हिवाळा! मोनेनं झाडाच्या मालकाची परवानगी मिळवली, घळीत लांब शिड्या उतरवल्या आणि दोन माणसांकडून झाडाची सगळी नवी पानं खुडवून घेतली. म्हणजे पानं तोडायची परवानगी त्याला मिळाली, आणि मला नुसती बघायची मिळेना. (ओकबद्दल असं करणं मला पटत नाही, ते सोडा. पण मालक भेटला, हो म्हणाला, विषय संपला, याचा हेवा वाटतो.)

शेवटी तोड काढली ती त्या काकांनीच. पाडव्याच्या आसपास मला रोज फेऱ्या मारताना बघून त्यांना दया आली असावी. "मॅडम, स्टँडचंच लफडं हाय ना? मांडीवर घ्या की पॅड." घेतलं. चौथाई कागद, मांडीवर बोर्ड, खाली सोलापुरी चादर. कुणी हटकलं नाही. झाड तोवर पोपटी झालं होतं. चित्र बरं झालं, पण मला हवं होतं ते नव्हे. परवानगीचं पत्र जूनमध्ये आलं: एका दिवसापुरती, सूर्यास्तापूर्वी, ड्रोन न वापरण्याच्या अटीवर.

तेव्हा पहिला सल्ला हा, की सार्वजनिक जागी ईझल नेऊच नका. मांडीवर मावेल एवढाच कागद घ्या. आणि परवानगी लागणारच असेल तर अर्ज दिवाळीनंतर लगेच टाका, फेब्रुवारीत नको.

उन्हाळ्याचं सांगायचं राहिलं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो तेव्हा आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) अर्ध्यावर येईस्तोवर वरचा भाग वाळलेला असतो आणि मध्ये कडक रेघ उमटते. त्याला उपाय म्हणजे 300 जीएसएमचा (म्हणजे जाड) कॉटन कागद मागूनही भिजवायचा आणि अॅक्रिलिकच्या शीटवर चिकटवायचा. पाण्यात ग्लिसरीनचे दोनचार थेंब. बाटलीनं फवारा मारत राहायचं. आणि आठच्या आत गुंडाळायचं, नंतरचा प्रकाश तसाही सगळं पांढरं करून टाकतो. छत्री रंगीत नको, लाल छत्रीखाली कागद गुलाबी दिसतो आणि घरी आल्यावर सगळं चित्र हिरवट निघतं. काळ्या मातीला काळा रंग कधीच नाही: अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी, पावसानंतर निळा जास्त, उन्हाळ्यात भेगा पडल्यावर अंबर जास्त. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दिवसभर उन्हात राहिली तरी काही होत नाही.

तांबूस पालवी पुढच्या साली मिळाली, तुळजापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला एका विहिरीच्या कठड्यात उगवलेल्या पिंपळावर. मालकांना विचारलं तर म्हणाले, "बसा की. चहा पाठवतो." पर्मनंट रोझ या गुलाबीत किंचित बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, अगदी पातळ, आणि शिरांसाठी कागद तसाच कोरा सोडला. निघताना मालक म्हणाले, मुळ्यांनी विहिरीचं बांधकाम फोडलंय, झाड काढावंच लागणार. पिंपळाला गावात कुणी हात लावत नाही, बाहेरचा माणूस बघतायत. मिळाला तर पुढच्या शिमग्यापर्यंत झाड जाईल. कागद मी आताच मागवून ठेवलाय, आणि मालकांना फोन करून विचारलंय. अजून माणूस मिळालेला नाही.